दरवर्षी त्याच जागी अडणारी ढकलगाडी: चढावर जोर किती लागतो ते कसे काढावे

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली की माझ्या वर्कशॉपात एकच तक्रार येते. बगिच्यात ढकलगाडी भरली, पांदणीने, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेने, नीट आणली, आणि डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्याला लागायच्या ऐन तोंडावर ती थांबली. दोघे लावले, चौघे लावले, तरी जागची हलत नाही. मग क्रेट उतरवायचे, रिकामी गाडी वर घ्यायची, क्रेट परत भरायचे. पिकअपवाला वर हॉर्न वाजवत उभा. दिवसातून आठ-दहा खेपा आणि प्रत्येक खेपेला हेच. दोन दिवस असे काढले की लोक गाडी घेऊन माझ्याकडे येतात आणि म्हणतात, "भाऊ, याले मोटर बसवून देजा."

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात वेल्डिंग-फॅब्रिकेशनचे काम करतो. मोटर बसवली तर माझा धंदा होतो, तरी अलीकडे मी आधी वजन आणि चढ मोजायला लावतो. कारण तीन वर्षांपूर्वी मी न मोजता एका कास्तकाराला मोटर बसवून दिली होती. ३५० वॅटची गिअर मोटर, चेन, दोन बॅटऱ्या, सगळे नवे. पहिल्याच दिवशी गाडी चढ चढली आणि जिथे आधी माणसे अडत होती तिथेच मोटर अडली. त्याने थ्रॉटल धरून ठेवला, चेन तुटली. पैसे त्याचे गेले, चूक माझी होती. मोटर कमी ताकदीची होती म्हणून तसे झाले असे मला तेव्हा वाटले. नंतर हिशेब केला तेव्हा कळले की दुप्पट मोठी मोटर लावली असती तरी हेच झाले असते.

तो हिशेब इथे मांडतो. दहावीपर्यंतचे विज्ञान पुरते. आकडे मागच्या हंगामात आमच्या शेजारच्या गावातल्या एका काकाजींच्या गाडीवर प्रत्यक्ष काढलेले आहेत. तुमचे आकडे वेगळे येतील, रीत तीच राहील.

आधी वजन

गाडीचे वजन अंदाजाने धरू नका. काकाजी म्हणाले, "असंन दीडेक क्विंटल." प्लॅस्टिकच्या एका क्रेटमध्ये वीस किलो संत्री बसतात, रिकामा क्रेट दोन किलोचा, म्हणजे भरलेला बावीस. गाडीवर दहा क्रेट होते. ते झाले २२० किलो. गाडी लोखंडी अँगलची, स्कूटरच्या दहा इंची चाकांची, तिचे स्वतःचे ५० किलो. एकूण २७० किलो. दीड क्विंटल धरून चालणाऱ्या माणसाचा बाकी सगळा हिशेब इथेच चुकतो.

मग चढ

पांदण नाल्याकडून रस्त्याकडे वर येते. टेप जमिनीवरच, चढाच्या अंगाने टाकला: २० मीटर. उंची काढायला गवंड्याची लेव्हल पाईप घेतली. पाईपचे एक टोक वर रस्त्याच्या अलीकडच्या जमिनीला टेकवून धरायचे, खालच्या टोकाला बांबू उभा करायचा आणि पाईपमधले पाणी बांबूवर कुठे थांबते तिथे खूण करायची. खूण जमिनीपासून १.४ मीटरवर आली.

आता १.४ ला २० ने भागा. ०.०७. म्हणजे शंभर किलोमागे सात किलो. चढामुळे लागणारा जोर काढायला एवढेच पुरते: वजन गुणिले उंची, भागिले चढाची लांबी. २७० गुणिले ०.०७ म्हणजे १९ किलो.

टेप जमिनीवरून टाकला म्हणून हे उत्तर बरोबर आहे. आडवे अंतर मोजले असते तर फरक पडला असता, पण आपल्याकडच्या पांदणींच्या चढाला तो नगण्य. ज्यांच्याकडे लेव्हल पाईप नाही त्यांनी मोबाइलमधले कोन दाखवणारे ॲप घ्यावे आणि फोन एका सरळ फळीवर ठेवून ती फळी चढावर टेकवावी. दर अंशाला क्विंटलमागे पावणेदोन किलो, हा हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. चार अंश असेल तर सात किलो. दहा अंशांपर्यंत तो चालतो.

इथे किलो म्हणजे वजनकाट्यावर दिसेल तेवढा जोर. मोटरच्या कागदावर न्यूटन लिहिलेले असते, त्यासाठी किलोला ९.८ ने गुणायचे. १९ किलो म्हणजे सुमारे १८६ न्यूटन.

आणि जमिनीचा अडथळा

सपाट जागीही गाडीला जोर लागतोच. टायर दबतो, माती दबते, एक्सल घासतो. या सगळ्याचा मिळून एक आकडा येतो आणि तो जमिनीवर फार अवलंबून असतो. चांगल्या सिमेंट रस्त्यावर हवेच्या टायरला शंभर किलोमागे एक-दीड किलो. मुरमाच्या दाबलेल्या वाटेवर दोन-तीन. कच्च्या पांदणीवर पाच धरा. ओल्या काळ्या मातीत पंधरा, वीस, कधी त्याहूनही जास्त. आपली माती पाणी पिऊन फुगते, चाक तिच्यात रुतते आणि पुढे सरकताना दर वेळी आपल्यासमोर मातीचा नवा लहानसा बांध उभा करते.

हा आकडा पुस्तकातून घेण्यापेक्षा मोजून घ्या. रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा डिजिटल काटा, ५० किलोपर्यंतचा. गाडीच्या पुढच्या आडव्या पट्टीला दोर बांधायचा, मध्ये काटा अडकवायचा आणि दोर जमिनीला समांतर ठेवून गाडी सावकाश, एका चालीने ओढायची. सुरुवातीला काटा एकदम वर उडतो, तो आकडा वेगळा लिहा. गाडी चालू लागल्यावर जो स्थिर दिसतो तो खरा. काकाजींच्या पुतण्याने गाडी ओढली, मी काट्यासोबत चाललो. सपाट पांदणीवर काटा १३ आणि १४ च्या मध्ये खेळत होता. २७० किलोला पाच टक्के म्हणजे साडेतेरा. जमले.

मग तीच गाडी चढावर. काटा ३२-३३. हिशेबाने १९ आणि साडेतेरा मिळून साडेबत्तीस येतात. काकाजी वाकून काट्याकडे बघत होते, बघून सरळ झाले आणि म्हणाले, "मंग अडते काहून?"

माणूस किती जोर लावू शकतो

ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने हाताने ढकलायच्या कामासाठी मार्गदर्शक आकडे दिले आहेत. गाडी हलवायला पुरुषाला २० किलो आणि बाईला १५ किलो, आणि चालू गाडी चालत ठेवायला पुरुषाला १० आणि बाईला ७. याहून जास्त जोर माणूस लावतो, आपल्याकडे रोज लावतोच, पण दिवसभर लावला की कंबर आणि खांदे धरतात. मला हे आकडे पटतात, कारण वर्कशॉपात येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या माणसाचा हात बोलताना कमरेवर असतो.

या हिशेबाने दोन माणसांना चालत्या गाडीसाठी वीस किलो झेपतात. आपल्याला लागतात साडेबत्तीस. म्हणजे दोन माणसांवर दहा क्रेट ही गाडी मुळातच जास्त भरलेली आहे. उलटा हिशेब करा: चढाचे सात आणि जमिनीचे पाच, क्विंटलमागे बारा किलो. तीन माणसांचे तीस किलो भागिले ०.१२ म्हणजे २५० किलो. त्यातून गाडीचे ५० वजा केले की दोनशे उरतात, म्हणजे नऊ क्रेट. तीन माणसे आणि नऊ क्रेट, असे ठेवले की चढ निभतो.

यात आणखी एक मर्यादा आहे जिच्याकडे कोणी बघत नाही. माणसाचा पाय जमिनीला जेवढा धरतो तेवढाच जोर गाडीपर्यंत पोचतो. साठ किलोचा माणूस कोरड्या जमिनीवर तीसेक किलोपर्यंत रेटू शकतो, त्यापुढे पाय सरकायला लागतो. ओल्या चिखलात गुळगुळीत तळाच्या चपलेवर बारा किलोतच सटकतो. पहाटे दव पडलेले असते तेव्हा पांदणीतली माणसे दमदार असूनही गाडी हलत नाही, त्याचे कारण हे. बूट घाला, किंवा पायाखाली मुरूम टाका. तेवढ्याने दहा-बारा किलोचा जोर मिळतो.

पण इथवरचा कुठलाही आकडा चार माणसांना अडवणारा नाही. काकाजींचा प्रश्न बरोबर होता.

खरे अडणे कुठे होते ते बघा

गाडी अडली की सगळे मागे असतात. मान खाली, नजर जमिनीवर. पुढे चाकाशी काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. मी त्या दिवशी कडेला, चाकाच्या बरोबरीने बसलो आणि त्यांना म्हटले, आता ढकला.

पांदण जिथे सिमेंट रस्त्याला मिळते तिथे रस्त्याची कड उघडी पडली होती. सिमेंटचा थर वर, त्याखाली गिट्टी दिसत होती आणि त्याच्याही खाली काळी माती. रस्ता झाला तेव्हा कंत्राटात बाजूपट्टी भरलेली असणार. पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी याच कडेने वाहते आणि दरवर्षी थोडी थोडी माती घेऊन जाते. कडेपाशी तीन बोटे आडवी धरली तर बरोबर बसली. पाच सेंटिमीटर. टायर येऊन त्या कडेला टेकला, पुढून चेपला, आणि थांबला. सिमेंटच्या धारेवर रबराच्या काळ्या रेघांचा थर जमला होता, जुन्या रेघांवर नव्या. कितीतरी हंगामांपासून गाड्या इथेच टेकत असल्याचा तो पुरावा होता.

आता या पाच सेंटिमीटरला जोर किती लागतो? इथे उंची भागिले लांबी हा हिशेब चालत नाही, कारण लांबीच नाही. चाकाला कडेच्या धारेभोवती फिरून वर उचलले जावे लागते. त्याचे गणित असे: चाकाची त्रिज्या दुप्पट करून कडेच्या उंचीने गुणा, त्यातून उंचीचा वर्ग वजा करा, वर्गमूळ काढा. मग त्याला त्रिज्या वजा उंचीने भागा. जो आकडा येतो त्याने त्या चाकांवरच्या वजनाला गुणायचे.

स्कूटरच्या चाकाची त्रिज्या टायरसकट साडेएकवीस सेंटिमीटर, कड पाच. त्रेचाळीस गुणिले पाच म्हणजे २१५, वजा पंचवीस, १९०. वर्गमूळ १३.८. भागिले साडेसोळा. उत्तर ०.८३५.

म्हणजे वजनाच्या त्र्याऐंशी टक्के. दोन चाकी गाडीचे जवळजवळ सगळे वजन याच दोन चाकांवर असते, तेव्हा २७० किलोला सव्वादोनशे. त्यात चढाचे एकोणीस. एकूण २४४ किलोचा जोर.

वीस मीटर चढाला साडेबत्तीस आणि तीन बोटांच्या कडेला अडीचशेच्या घरात. हे गणित हातात आले तेव्हा मला ती तुटलेली चेन आठवली.

गणितावर विश्वास बसत नसेल तर रिकामी गाडी घ्या. भरलेल्या गाडीवर हा प्रयोग करू नका, ५० किलोचा काटा मोडेल आणि दोर सुटला तर मार लागेल. रिकाम्या गाडीला, ५० किलोच्या, चढावर हिशेबाने सहा किलो लागायला हवेत. काट्यावर सहाच आले. कडेवर हिशेबाने पंचेचाळीस. काटा वर वर चढत चाळिशी पार करून गेला तेव्हा चाक उचलले. हवेचा टायर धारेवर थोडा चेपून कड गिळतो, म्हणून प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडे कमी लागते. भरीव रबराच्या चाकाला तेवढीही सूट नाही. काकाजींचा पुतण्या बारावी सायन्सला आहे. त्याने काटा सोडला नाही, पुन्हा मागे गेला आणि स्वतः तीनदा मोजला.

ज्या उपायांनी काम होत नाही

मोठी चाके लावा, असे सगळ्यात आधी सुचते. मोटारसायकलच्या चाकाची त्रिज्या तीस सेंटिमीटर धरा. तेच गणित केले तर ०.६६ येते. २७० किलोला १७९, अधिक १९, जवळपास दोनशे. फायदा आहे, पण चार माणसांच्या आवाक्याबाहेरचे बाहेरच राहिले.

गाडी तिरकी घेणे ही जुनी युक्ती आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एक चाक आधी चढते, त्यावर निम्मेच वजन. ११३ अधिक १९, एकशे बत्तीस. मग दुसऱ्या चाकासाठी परत तेवढेच. शिवाय तिरक्या गाडीवरचे वरचे क्रेट घसरतात.

बैलबंडी चालवलेली जुनी माणसे म्हणतात, चाकाला हात लावा. ते बरोबर सांगतात. एक्सलवर ढकलण्यापेक्षा चाकाच्या माथ्यावर धावेला रेटा दिला तर तरफ लांब मिळते. आपल्या उदाहरणात २२५ चे ९८ होतात, दोन्ही चाकांत वाटून प्रत्येकी एकोणपन्नास. अडलेल्या वेळी हे करावे. मात्र बंडीचे चाक उंच असते, स्कूटरचे चाक गुडघ्याखाली. तिथे वाकून हात घातला आणि गाडी सरकली तर बोटे टायर आणि चौकटीत सापडतात. मी एका पोराचे नख गेलेले पाहिले आहे, म्हणून मी हे रोजच्या कामासाठी सांगत नाही.

आणि पळवत आणून धडक देणे. त्याने गाडी कधी कधी चढते. पण धडकेचा हिसका सगळ्यात खालच्या क्रेटमधल्या फळांना बसतो. ती संत्री वरून चांगली दिसतात आणि मंडीत पोचेपर्यंत मऊ पडतात. वर्षभर ओलित करून, फवारण्या करून आणलेला माल शेवटच्या पाच सेंटिमीटरवर मार खातो, याचे मला फार वाईट वाटते.

काय करायचे

कडेला उतार द्यायचा. दीड मीटर लांब, गाडीच्या दोन्ही चाकांपेक्षा वीतभर जास्त रुंद. पाच सेंटिमीटर भागिले दीडशे म्हणजे तीन टक्के आणि थोडे वर. पांदणीचे सात मिळवून १०.३ टक्के. २७० किलोला २८, अधिक जमिनीचे साडेतेरा. साडेएक्केचाळीस किलो, तेही फक्त दीड मीटर. २४४ वरून ४१ वर आलो.

लागणारा माल बघा. दीड मीटर लांब, एक मीटर वीस रुंद, सरासरी अडीच सेंटिमीटर जाड. दाबून पंचेचाळीस लिटर, सैल धरला तर सहा घमेली मुरूम. काकाजींच्या धुऱ्यावरच पडलेला होता.

नुसता ओतू नका. आधी जुनी सैल माती खरवडून काढा, जागा ओली करा. मुरूम दोन थरांत टाका, प्रत्येक थर पाणी शिंपडून धुम्मसाने ठोकून दाबा. धुम्मस नसेल तर जाड लाकडी ओंडका चालतो. वरचा थर सिमेंटच्या कडेपेक्षा बोटभर उंच ठेवा, गाड्या गेल्या की तो दबून बरोबरीला येतो. सिमेंटचा उतार करायचा असेल तर खालच्या टोकाला चार बोटे खणून तिथून जाडी द्या. कागदासारखी पातळ होत जाणारी सिमेंटची धार पहिल्या ट्रॅक्टरखाली फुटते आणि मग तिथे दुसरी कड तयार होते.

रस्त्याच्या कडेने पावसाळ्यात पाणी जोरात वाहत असेल तर मुरमाच्या पाणी येणाऱ्या अंगाला मोठे दगड अर्धे गाडून ओळीने बसवा. पाण्याची वाट मात्र बुजवू नका, नाहीतर पाणी शेजाऱ्याच्या वावरात शिरते आणि भांडण होते. पांदणीचे काम सरकारी पाणंद रस्ते योजनेतून किंवा रोजगार हमीतून मंजूर होत असेल तर ग्रामपंचायतीत सांगून जोडाच्या जागेचा उतार अंदाजपत्रकात लिहून घ्या. मुख्य लांबीचे काम होते आणि जोड तसाच राहतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले.

उतार केला तरी गाडी जड वाटत असेल

दांडा हातात जड लागतो का ते बघा. दोन चाकी गाडी सपाट जागी तोललेली असते. चढावर उंच रचलेल्या क्रेटचा भार एक्सलच्या मागे, म्हणजे ढकलणाऱ्याकडे सरकतो. भाराचा मध्य एक्सलच्या साठ सेंटिमीटर वर असेल तर चार अंशांच्या चढावर तो चार सेंटिमीटर मागे येतो. २२० किलो चार सेंटिमीटर मागे आले आणि दांडा एक्सलपासून एकशे वीसवर असला की हातावर सात-आठ किलो उचलायचे ओझे पडते, ढकलण्याचे वेगळेच. क्रेट भरतानाच दोन बोटे पुढे सरकवून रचा. सपाटीवर दांडा थोडा वर उचलल्यासारखा वाटेल, चढावर हलका होईल.

टायरमधली हवा. सिमेंटवर आणि टणक पांदणीवर हवा पूर्ण हवी. ओल्या काळ्या रानात उलट, हवा थोडी कमी केली तर टायर पसरतो आणि कमी रुततो. दोन्हीसाठी एकच आकडा नाही. पाऊस झाल्यावर गाडी रानातून काढायचीच असेल तर भार निम्मा करा. ओल्या मातीत पंधरा टक्के धरले तर २७० किलोला जमिनीचेच चाळीस आणि चढाचे एकोणीस, एकोणसाठ किलो होतात, आणि पाय बारा किलोतच सटकत असतो.

बेअरिंगला लोक फार दोष देतात. चाक उचलून हाताने फिरवा. मोकळे फिरले तर तिथे काही नाही, पुढे चला. कोरडा बुशसुद्धा या गाडीला क्विंटलमागे किलो-दीड किलोच खातो. ग्रीस द्याच, पण ग्रीसने कड चढत नाही.

मोटर बसवायचीच असेल

मग हिशेब असा. साडेबत्तीस किलो म्हणजे ३१८ न्यूटन. ताशी तीन किलोमीटरची माणसाची चाल म्हणजे सेकंदाला ०.८३ मीटर. गुणाकार २६५ वॅट. वाटेतली गळती धरून ३५० वॅटची मोटर चढाला पुरते. पण चाकाला किती पिळ लागतो ते वेगळे काढा: ३१८ न्यूटन गुणिले त्रिज्या ०.२१५ मीटर, ६८ न्यूटन-मीटर. उताराच्या शेवटच्या तुकड्यावर ८७. आणि उघड्या कडेवर चाक धारेभोवती फिरते, म्हणून २४४ किलोच्या जोराला त्रिज्येऐवजी त्रिज्या वजा उंचीने, ०.१६५ मीटरने, गुणायचे; तोच आकडा ३९५ च्या आसपास होतो, जवळपास सहा पट. माझी चेन तिथे गेली होती. तेव्हा आधी उतार, मग मोटर, आणि मोटर घेताना वॅटसोबत चाकावर मिळणारे न्यूटन-मीटर विचारा. शंभरच्या वर असावेत.

मागे घसरण्याचे

चढावर गाडी थांबवायची झाली तर चाकामागे लाकडी गुटका लावल्याशिवाय हात सोडू नका. पांदणीवर भरलेल्या गाडीला चढ मागे ओढतो एकोणीस किलोने आणि माती धरून ठेवते साडेतेराने, म्हणून ती हळू घसरते आणि माणूस गाफील राहतो. चढ सिमेंटचा असेल तर माती धरत नाही, पंधरा किलो उघडे राहतात आणि गाडी दोन पावलांत वेग घेते. गुटका दांड्याला दोरीने बांधून ठेवा म्हणजे शोधावा लागत नाही. लहान पोरांना मागे लावू नका.

काकाजींच्या कडेला आम्ही त्याच दुपारी मुरूम टाकला. दुसऱ्या दिवशी नऊ क्रेटची गाडी तीन माणसांनी न थांबता वर नेली. मी रस्त्यावर उभा होतो. चाक कडेवरून गेले तेव्हा काही आवाजही आला नाही.

यंदा पोळ्यानंतर मी सहज तिकडून गेलो तर पावसाने तिथले दोन बोटे मुरूम नेलेले होते, रबराच्या जुन्या रेघांचा वरचा काठ पुन्हा दिसायला लागला होता. तोडणीच्या आधी तीन घमेली टाकावी लागतील. काकाजींना फोन करून सांगितले, ते म्हणाले पुतण्याने कालच टेप लावून पाहिले.